फायबरग्लासच्या चिलखताला टू-के क्लिअर मारला, त्याला आता वर्ष झालं

टू-के क्लिअर म्हणजे हार्डनर मिसळून घट्ट होणारा, रंगावर मारायचा पारदर्शक चकाकीचा थर. त्याच्या स्प्रेबद्दल लिहायला मी मुद्दाम वर्षभर थांबले. पहिल्या दिवशी कुठलाही क्लिअर कोट सुंदरच दिसतो. चिलखत अंगावर चढलं, आतून घामाने भिजलं, पिशवीत गेलं, पुन्हा निघालं, असं दहा-बारा वेळा झालं की मग त्याचा खरा कस लागतो. माझ्या भाचीच्या चिलखताचे एकूण ९ भाग आहेत: छाती, पाठ, दोन खांदे, दोन हातपट्ट्या, दोन नडग्या आणि शिरस्त्राण. रंग मोरपंखी मेटॅलिक, वर टू-के क्लिअरचे दोन हात. ती ते नाटकातही घालते आणि कॉसप्लेलाही.

कंपनीचं नाव लिहीत नाही. तळाशी बटण असलेले असे कॅन एकापेक्षा जास्त कंपन्या काढतात, रचना तीच असते आणि मला सांगायचंय ते या प्रकाराबद्दल. कॅनच्या आत आणखी एक छोटी कुपी असते. तिच्यात हार्डनर, म्हणजे क्लिअर घट्ट करणारं रसायन. टोपणात ठेवलेलं लाल बटण तळाला बसवायचं, कॅन उलटा धरून दाबायचा, की आतली कुपी फुटते आणि हार्डनर क्लिअरमध्ये मिसळतो. तिथून घड्याळ सुरू. माझ्या कॅनवर ४८ तासांची मुदत छापलेली होती, पण मी त्याच दिवशी संपवते. दुसऱ्या दिवशी तो जरा दाट वाटतो आणि फवारा पहिल्या दिवसासारखा बारीक पडत नाही.

साध्या, म्हणजे हार्डनर नसलेल्या वन-के लॅकरपेक्षा हा वेगळा कसा, ते मला आधीच्या चिलखताने शिकवलं. ते लॅकर नुसतं वाळतं. त्यातला थिनर उडून जातो आणि मागे पापुद्रा उरतो. पुन्हा थिनर लागला की तो पुन्हा विरघळतो. टू-के मात्र रासायनिक क्रियेने घट्ट होतो, एकदा झाला की परतीची वाट नाही. आधीच्या चिलखताला मी वन-केचे सहा हात दिले होते, जास्त थर म्हणजे जास्त चकाकी असं समजून. दोन आठवड्यांनी ते फोमच्या पिशवीत घालून उन्हातल्या गाडीत ठेवलं गेलं. बाहेर काढलं तेव्हा दोन्ही खांद्यांवर फोमची जाळीदार नक्षी उमटली होती. जाड थर खालपर्यंत वाळलाच नव्हता. भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ती मला काहीच बोलली नाही, तेच मला जास्त लागलं. म्हणून या वेळी टू-के.

पण क्लिअरबद्दल बोलण्याआधी खालच्या कामाबद्दल बोलावंच लागेल. मॅट रंग पुष्कळ काही पोटात घालतो. चकचकीत पृष्ठभाग म्हणजे आरसा, आणि आरसा खालचा प्रत्येक खड्डा दाखवतो. माझ्याकडे या चिलखताचे तयार, कच्चे भाग आले होते, साच्यातून काढलेले, जेलकोटसकट, म्हणजे फायबरग्लासवरच्या राळेच्या गुळगुळीत थरासकट. त्यांना लागले २३ दिवस. त्यातला फवारणीचा वेळ धरला तर जेमतेम तीन दिवस भरेल.

साच्यातून माल सुटावा म्हणून साच्याला मेण लावतात, कधी त्यावर पीव्हीएचा पातळ थरही असतो. हे सगळं भागांवर चिकटून येतं. पीव्हीए पाण्यात विरघळतो, म्हणून आधी कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण. मग वॅक्स अँड ग्रीस रिमूव्हर, दोन फडक्यांनी: एकाने लावायचं, ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोऱ्या फडक्याने पुसायचं. हे सगळं घासण्याच्या आधी. आधी घासलं तर कागदाच्या चऱ्यांमध्ये मेण दाबलं जातं आणि मग ते निघता निघत नाही. रंग मारल्यावर माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात, ते याच मेणाने किंवा कुठूनतरी आलेल्या सिलिकॉनने. गाडीचं डॅशबोर्ड चमकवायचं पॉलिश त्या खोलीत कधी फवारलं असेल, तरी तेवढ्यानेही खळगे पडतात.

दुसरी गोष्ट सुईच्या टोकाएवढी भोकं. फायबरग्लासच्या कामात मला सर्वांत जास्त रडवलंय ते यांनी. राळ लावताना काचेच्या धाग्यांच्या चटईत अडकलेली हवा जेलकोटच्या खाली बुडबुडा होऊन बसते. वरून काही दिसत नाही, पण घासताना वरचा पातळ पडदा जातो आणि भोक उघडं पडतं. काही बुडबुडे घासूनही उघडत नाहीत, आणि चिलखत गरम झालं की आतली हवा फुगून वरच्या रंगासकट फोड येतो. म्हणून मी प्रत्येक भाग नाण्याने टकटक करत ऐकते. भरीव जागी टणक आवाज येतो, पोकळ जागी बद्द. जिथे बद्द, तिथे चाकूचं टोक घालून पडदा फोडायचा आणि लांबी, म्हणजे पुट्टी भरायची. उजव्या नडगीच्या घडीपाशी मला अशा ११ जागा सापडल्या. साच्याचे कोपरे तीव्र असतात तिथे चटई नीट बसत नाही, म्हणून आधी कोपरे तपासा.

भोकं प्राइमरने भरतील ही आशा सोडा. फवारलेला प्राइमर भोकावर पूल बांधतो, त्या दिवशी सगळं गुळगुळीत दिसतं, आणि पुढच्या हाताला भोक पुन्हा तोंड उघडतं. दोन भागांची पॉलिएस्टर लांबी हार्डनर घालून कालवायची आणि लवचीक पातीने भोकात दाबून बसवायची, वरून फिरवून नव्हे. घासायची मात्र कोरडी. लांबीत पावडर असते, ती पाणी धरून ठेवते, आणि तेच पाणी नंतर रंगाखालून वर येतं. पाण्याने घासणं प्राइमरनंतर.

साच्याच्या जोडाची कड काढायला १८० नंबरचा पॉलिशपेपर, मग सगळीकडे ३२०, मग हाय-बिल्ड, म्हणजे जाड थर देणाऱ्या प्राइमरचे तीन हात. प्राइमर वाळला की त्यावर काळ्या रंगाची अगदी विरळ फवार, नुसते ठिपके पडतील एवढीच. याला गाइड कोट म्हणतात. मग रबरी ठोकळ्याला कागद लावून घासत जायचं. उंच जागेवरचे ठिपके आधी जातात, खोल जागेत काळं शिल्लक राहतं. डोळ्यांना न दिसणारा खड्डा असा स्वतःच बोलतो. छातीच्या डाव्या बाजूला हाताएवढी एक उथळ बशी होती. मी दहा वेळा हात फिरवूनही ती मला कळली नव्हती. बोटांनी कागद धरून घासू नका. बोटं खड्ड्यात शिरतात आणि खड्डा तसाच राहतो, फक्त गुळगुळीत होतो. शेवटी ६०० चा वॉटर पेपर, साबणाच्या पाण्याने. मेटॅलिक रंगाखाली त्याहून भरड चालत नाही, चरे दिसतात.

काचेची धूळ त्रास देते. कोरडं घासताना पी१०० फिल्टरचा मास्क, पूर्ण बाह्या, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. अंगाला लागली तर थंड पाण्याने धुवा, चोळू नका.

पट्ट्यांची आणि रिव्हेटची भोकं रंगाआधी पाडून घ्या. नंतर ड्रिल लावला तर कडेचा क्लिअर टवका होऊन उडतो. जिथे आतून वेल्क्रो किंवा फोम चिकटवायचा आहे तिथे मास्किंग टेप लावून जागा कोरी ठेवा. गोंद रंगाला चिकटला तर पहिल्याच जोरदार हालचालीत रंगासकट सुटून येतो.

आता फवारणी. तारा पट्ट्यांच्या भोकांतून ओवून मी सगळे भाग टांगते, म्हणजे चारी बाजूंनी फिरता येतं. जमीन पाण्याने ओली करते, धूळ बसते. बेस कोटचे, म्हणजे क्लिअरखालच्या मोरपंखी रंगाचे तीन पातळ हात, मध्ये १० ते १५ मिनिटं, आणि शेवटचा हात नेहमीपेक्षा लांबून, अगदी हलका. मेटॅलिकमधले कण एका जागी गोळा होऊन जे ढग दिसतात ते या शेवटच्या हाताने मोडतात. बेस कोट वाळला की पार निस्तेज दिसतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याचा जीव धसकतो, पण तो तसाच दिसायला हवा.

क्लिअरच्या दिवशी मी बटण दाबायच्या आधी सगळं मांडून ठेवते: टांगलेले भाग, टॅक क्लॉथ (धूळ टिपणारं चिकट फडकं), मास्क, हातमोजे, दिवे. कॅन थंड असेल तर दहा मिनिटं कोमट पाण्यात, हाताला सोसेल इतक्याच. ५० अंशांच्या वर न्यायचा नाही, ते कॅनवरही लिहिलेलं असतं. दोन मिनिटं हलवायचा, बटण दाबायचं, परत दोन मिनिटं हलवायचा, आणि दोन मिनिटं म्हणजे घड्याळ लावून दोन मिनिटं. अंदाजाने हलवलेले दोन मिनिटं नेहमी ४० सेकंद भरतात, हे मी मोजून पाहिलंय.

या कॅनचं नोझल मला मनापासून आवडलं. फवारा गोल पडत नाही, पंख्यासारखा चपटा पडतो, आणि नोझल फिरवून तो उभा-आडवा करता येतो. २० सेंटीमीटरवरून, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवत, फवारा भागाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा. पहिला हात मध्यम, नुसता तवंग धरेल इतका. दहा मिनिटं थांबून दुसरा हात ओला. 'ओला' हा शब्द सगळे वापरतात, पण तो दिसतो कसा, ते कोणी सांगत नाही. एका डोळ्याने पृष्ठभागावर तिरकं पाहायचं आणि फवाऱ्याच्या मागे दिव्याचं प्रतिबिंब बघत राहायचं. थेंब थेंब दिसत असेल तर कमी पडलाय. थेंब एकमेकांत मिसळून दिव्याची कड सरळ झाली की हात पुढे. त्यानंतर अर्धा सेकंद जास्त थांबलात की ओघळ.

मला ओघळ एकच आला, डाव्या नडगीच्या खालच्या कडेला. टांगलेल्या भागाची खालची कड नेहमी दोनदा भिजते, एकदा आपल्या हाताने आणि एकदा वरून उतरणाऱ्या रंगाने. तो मी ओला असताना शिवला नाही. दोन दिवसांनी छोट्या ठोकळ्यावर १००० चा कागद लावून फक्त ओघळच घासला, आणि आज तो भाग कुठला ते मलाही शोधावं लागतं. वन-केमध्ये हे जमलं नसतं. तिथे ओघळ आतून चिकट राहतो आणि कागदाखाली फाटतो.

एका कॅनमध्ये छाती आणि पाठ, दुसऱ्यात खांदे आणि हातपट्ट्या, तिसऱ्यात नडग्या आणि शिरस्त्राण असं माझं गणित बसलं. उरलेलं ठेवता येत नाही, त्यामुळे भागांची वाटणी आधी करा. कॅन महाग आहे आणि अर्धा वाया गेला की वाईट वाटतं. तक्रार एकच, पण मोठी: शेवटच्या पाचव्या हिश्शाला दाब उतरतो आणि नोझल थुंकायला लागतं. पहिल्या कॅनने पाठीवर असे चार टपोरे थेंब टाकले. म्हणून आता मी सर्वांत दर्शनी भाग आधी घेते आणि शेवटच्या हिश्शाने आतल्या कडा मारते.

आता जे सांगणार आहे ते या स्प्रेच्या चकाकीपेक्षा महत्त्वाचं आहे. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याच्या वासावर विसंबता येत नाही. वास येत नाही म्हणजे हवा स्वच्छ, असं इथे नसतं. शरीराला त्याची एकदा ॲलर्जी बसली तर नंतर अगदी थोड्या फवाऱ्यानेही दमा उसळू शकतो, आणि ती ॲलर्जी जात नाही. कापडी किंवा धुळीचा मास्क याला चालत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क सर्वांत सुरक्षित. मी उघड्यावर मारते, तोंडाला घट्ट बसणारा ऑरगॅनिक व्हेपरचा कार्ट्रिज मास्क, त्यावर पार्टिक्युलेट फिल्टर, बंद चष्मा, नायट्राइलचे मोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालून. कार्ट्रिज प्रत्येक कामाला नवी. भाचीला मदत करायची होती. "आत्या, मी नुसती लांब उभी राहते," म्हणाली. मी तिला घरात पाठवलं आणि खिडक्या बंद करायला लावल्या. घरात कोणाला दमा असेल, किंवा मोकळी जागा आणि योग्य मास्क नसेल, तर हा कॅन आणू नका. वन-के लॅकरचे पातळ हात आणि महिनाभराचा धीर धरा. त्याचीही चकाकी येते, फक्त ती जपावी लागते. त्यालाही मास्क आणि मोकळी हवा हवीच.

दमट दिवशी कुठलाच क्लिअर मारू नका. पृष्ठभागावर ओल धरते आणि चकाकीवर दुधी झाक येते. मी तिसरा कॅन पाच दिवस तसाच ठेवून वाट पाहिली होती.

कॅनमधून थेट येणारी चकाकी चांगली असते, पण आरशासारखी नसते. जरा संत्र्याच्या सालीसारखा पोत राहतो. आमची परीक्षा साधी आहे. भाग ट्यूबलाइटखाली धरायचा आणि प्रतिबिंबाची कड पाहायची. फवारणीनंतर दुसऱ्या दिवशी भाचीने छाती हातात घेतली आणि म्हणाली, "आत्या, ट्यूब थरथरतेय." खरंच थरथरत होती. तिसऱ्या दिवशी मी १५०० ने पाण्यात घासायला घेतलं, मग २०००, मग ३०००. १५०० नंतर सगळं राखाडी होतं. पाणी पुसून बघत राहायचं, जिथे अजून चमकदार ठिपके दिसतात तिथे खळगा शिल्लक आहे. कडांना टेप लावून ठेवायची, कारण कडेवर क्लिअर पातळ असतो आणि दोन फेऱ्यांत खालचा रंग दिसायला लागतो. उजव्या खांद्याच्या कडेला मी टेप विसरले आणि तिथे आज अर्ध्या सेंटीमीटरची फिकट रेघ आहे. मग फोमचा पॅड आणि पॉलिशिंग कंपाउंड, मशीन हळू. फायबरग्लास उष्णता पसरवत नाही, एका जागी थांबलात की क्लिअर जळतो. छातीला अडीच तास लागले. त्यानंतर ट्यूबची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ आली, आणि भाची ती कड छातीवरून पोटापर्यंत सरकवत कितीतरी वेळ बसली होती.

वर्षभरात काय झालं? घामाने काही नाही. पिशवीतल्या फोमने काही नाही, आणि तीच माझी खरी भीती होती. पट्ट्या जिथे घासतात तिथे बारीक केसांएवढे चरे आलेत, ते कंपाउंडने दहा मिनिटांत जातात. छातीच्या बगलेखालच्या कडेला, जिथे ती अंगात घालताना वाकते, तिथे दोन तडे आहेत. दोष क्लिअरचा म्हणता येईल, पण तिथे चटईचा एकच थर आहे आणि भाग गरजेपेक्षा जास्त लवतो. टू-के कडक असतो, लवणाऱ्या कडेवर जाड थर देऊ नये. पुढच्या वेळी अशा कडांना मी आतून चटईचा आणखी एक थर देणार आहे, रंगाच्या कितीतरी आधी.

आणि दुरुस्ती. वन-के लॅकर जुन्या थरात विरघळून मिसळतं, तेवढीच जागा फवारली तरी चालते. टू-के मिसळत नाही. मधल्या डागापुरता मारला तर नव्या थराची कड गोल कड्यासारखी दिसते, पॉलिश केली तरी. संपूर्ण भाग ८०० ने घासून पुन्हा क्लिअर करावा लागतो. गेल्या महिन्यात लुटुपुटूच्या लढाईत डाव्या हातपट्टीवर लाकडी तलवार बसली आणि नखाएवढा टवका उडाला, अगदी प्राइमरपर्यंत. पट्ट्या सोडल्या आहेत, टवका लांबीने भरून झालाय. मोरपंखीचा उरलेला कॅन आणि नवा, न दाबलेला क्लिअर शेजारी ठेवलाय. आता एक कोरडा दिवस मिळायला हवा.